हात मोठा म्हणजे नेमके काय मोठे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मोठ्या हाताच्या वादकाने इलेक्ट्रिक गिटारची नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायची लांब दांडी, कशी निवडावी, या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी सावकाश वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचे हात अवाढव्य होते आणि तरीही तो फेंडर कंपनीची साधी स्ट्रॅटोकास्टर गिटार वाजवत असे, तेव्हा रुंद नेकचा माझा आग्रह हे रियाज टाळण्याचे निमित्त आहे, हात खरोखरच मोठा असेल तर नेकची रुंदी नव्हे, स्केलची, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची, लांबी वाढवायला हवी, आणि 'सी' नेकबद्दल मी जे लिहिले ते साफ चुकीचे आहे. शेवटी आपण 'लाखभर रुपयांची हौस' असाही एक टोला लगावला आहे, त्याचाही समाचार घेईन.

'सी'पासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. आपण म्हणता की जुन्या फेंडर गिटारवर 'सी' म्हणजे पावणेदोन इंच रुंदीची नेक, मग मी तिला मधल्या जाडीची, सर्वसामान्य नेक का म्हटले? साठच्या दशकात फेंडर कंपनी नेकच्या टाचेवर, म्हणजे जो भाग बॉडीच्या खाचेत बसतो त्यावर, एक अक्षर उमटवत असे आणि ते अक्षर नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारांसाठी खाचा पाडलेल्या पट्टीपाशी, असलेली रुंदी सांगत असे. 'ए' म्हणजे दीड इंच, 'बी' म्हणजे १ पूर्णांक ५/८ इंच, 'सी' म्हणजे पावणेदोन इंच आणि 'डी' म्हणजे १ पूर्णांक ७/८ इंच. आज दुकानात ऐकू येणारी 'सी', 'डी', 'यू', 'व्ही' ही अक्षरे मात्र नेक आडवी कापली तर तिच्या पाठीचा जो आकार दिसेल त्याची आहेत. रुंदीशी त्यांचा काही संबंध नाही. मी आजच्या अर्थाने लिहिले, आपण त्या काळच्या अर्थाने वाचलेत, आणि हा फरक लेखात नोंदवणे माझे काम होते. ती दुरुस्ती आता केली आहे. मात्र आपल्याच या पुराव्यातून एक गोष्ट सिद्ध होते, ती म्हणजे ४७.६ मिलिमीटर रुंदीची, म्हणजे त्या काळची 'डी', नेक हे अलीकडचे खूळ नाही. त्या काळी बहुतेक गिटारी 'बी' नेकच्याच निघत आणि 'डी' अतिशय दुर्मीळ होती हे खरे, पण तिच्यासाठी एक अक्षर राखून ठेवलेले होते.

स्केलचा मुद्दा ऐकताना पटतो, मोजताना टिकत नाही. फेंडरचे स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर. गिब्सन या दुसऱ्या कंपनीचे पावणेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६२९. नटपासून पहिल्या फ्रेटपर्यंतचे (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) अंतर म्हणजे स्केलचा सुमारे १७.८वा भाग, म्हणून फेंडरवर ते ३६.४ मिलिमीटर आणि गिब्सनवर ३५.३ मिलिमीटर भरते. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. बकेटहेड या उंच, लांब बोटांच्या वादकासाठी गिब्सनने २७ इंची स्केलची लेस पॉल गिटार काढली होती. तिथेही पहिला फ्रेट ३८.५ मिलिमीटरवर येतो. खरी दाटी वरच्या फ्रेटांवर होते. विसाव्या आणि एकविसाव्या फ्रेटमधली जागा फेंडरवर साडेअकरा मिलिमीटर, २७ इंची स्केलवर बारा. सतरा-अठरा मिलिमीटर रुंदीचे बोट या दोन्हींत मावत नाही. ते तिरके ठेवावे लागते, किंवा एक बोट उचलूनच दुसरे टेकवावे लागते, आणि सगळे वादक तेच करतात. शिवाय, आणि हेच महत्त्वाचे, स्केल कितीही लांबवले तरी नटपाशी दोन तारांमधले अंतर केसभरही वाढत नाही.

आता हेंड्रिक्स. आपले म्हणणे मला मान्य आहे, पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. 'मोठा हात' असे आपण म्हणतो तेव्हा निदान तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो : बोटांची लांबी, बोटांच्या टोकांची रुंदी आणि पंजाचा भरदारपणा. माझ्या लेखातही मी या तिन्हींची गल्लत केली होती, हे कबूल करतो. हेंड्रिक्सचा अंगठा आणि बोटे विलक्षण लांब होती आणि तो अंगठा नेकवरून पुढे आणून सर्वांत जाड तार त्यानेच दाबत असे. ही पकड घेणाऱ्याला नेक मुठीत मावावी लागते, कारण रुंदी जितकी वाढते तितकी अंगठ्याची पोच कमी होते. त्याच्या हाताला साधी, अरुंद नेक 'चालून गेली' असे नसून त्याच्या वाजवण्याला ती हवीच होती. म्हणूनच ज्याची बोटे लांब पण निमुळती आहेत आणि ज्याला अंगठा वरून वापरायचा आहे, त्याला मी आज रुंद नेक सुचवणार नाही. जाड टोकांच्या बोटांचा प्रश्न निराळा आहे आणि हेंड्रिक्सचे उदाहरण तिथे लागू पडत नाही.

तो प्रश्न प्रत्यक्ष कसा दिसतो ते सांगतो. माझ्याकडे शिकायला येणारा एक सहा फूट उंचीचा तरुण डी मेजर हा कॉर्ड (अनेक तारा एकत्र छेडून निघणारा स्वरमेळ) वाजवताना पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार हमखास मुकी करत असे. दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला टेकलेल्या त्याच्या अनामिकेचे मांस बाजूच्या तारेला लागत होते. मीही आधी आपल्यासारखेच म्हटले, बोट उभे ठेव, नख काप, रियाज कर. त्याने तीन महिने ते इमानेइतबारे केले. मग एके दिवशी त्याचे बोट शिक्क्याच्या शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उमटवले आणि व्हर्निअरने मोजले, तर ठसा १८ मिलिमीटर भरला. त्याच्या गिटारचा नट ४२ मिलिमीटरचा होता. दोन्ही कडांना तीन-तीन मिलिमीटर सोडले तर सहा तारांच्या पाच फटींत ३६ मिलिमीटर उरतात, म्हणजे तारेपासून तारेपर्यंत ७.२. मी त्याच्या हातात नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार दिली, जिचा नट ५२ मिलिमीटरचा असतो. तोच डी मेजर पहिल्या फटक्यात स्वच्छ वाजला. त्याने लगेच पुन्हा वाजवला, मग माझ्याकडे असे पाहिले की तीन महिने त्याला नखे कापायला लावल्याचे मलाच ओशाळे वाटले.

ही चाचणी कोणालाही फुकटात करता येते. क्लासिकलवर तार मोकळी झाली, तर अडचण रुंदीची आहे. तिथेही ती मुकीच राहिली, तर आपण म्हणता ते खरे, रियाज करावा. आणि अशांची संख्या थोडी नाही.

रुंद नेकचा फायदा कुठवर, हेही लेखात राहून गेले होते. ४४.५ मिलिमीटरच्या नटवर तारांमधले अंतर ७.७ होते, ४७.६च्या नटवर ८.३. एवढ्याशा अर्ध्या-एक मिलिमीटरने काय होणार, असे वाटते, पण बोटाच्या मांसाला तेवढेच हवे असते. मात्र स्क्रूने बसणारी नेक बॉडीच्या ठरावीक, सुमारे ५६ मिलिमीटरच्या खाचेत बसवायची असल्याने तिची टाच तेवढीच राहते आणि ब्रिजवरचे, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथले, अंतरही बदलत नाही. त्यामुळे हा लाभ पहिल्या पाच-सात फ्रेटांपुरता ठळक असतो. बाराव्याच्या पुढे सोलो वाजवणाऱ्याने त्यासाठी पैसे घालवू नयेत.

भरदार पंजाला जाडीच हवी असते. मोठ्या पंजाचा फलंदाज बॅटच्या दांड्यावर एकावर एक दोन ग्रिप चढवतो, त्यामागे जे कारण आहे तेच इथेही आहे : बारीक दांडा धरायला मूठ जास्त आवळावी लागते. पहिल्या फ्रेटपाशी १७-१८ मिलिमीटर जाडीची एक नेक मी हौसेने वर्षभर वाजवली, आणि दर वेळी पाऊण तासाने अंगठ्याच्या बुडाशी कळ येत असे. आता २३ मिलिमीटरच्या आसपासची, पन्नाशीच्या दशकातल्या लेस पॉलच्या वळणाची गोल पाठ हातात आहे आणि ती कळ गेली आहे. अर्थात हा माझ्या पंजाचा अनुभव आहे, नियम नव्हे.

राहिली लाखाची हौस. त्या विद्यार्थ्याने नवी गिटार घेतली नाही, नवी नेकही नाही. कारागिराकडून हाडाचा कोरा नट बसवून त्यात खाचा थोड्या बाहेरच्या बाजूला पाडून घेतल्या. दोन्ही कडांना तीनऐवजी अडीच मिलिमीटर सोडले आणि अंतर ७.४ झाले. खर्च काही शे रुपयांचा. याहून बाहेर जाऊ नका असे कारागिराने बजावले, कारण मग तार ओढताना पहिली तार फ्रेटच्या कडेवरून खाली घसरते. डी मेजर आता दहापैकी आठ वेळा साफ वाजतो, आणि उरलेल्या दोन वेळांसाठी मी त्याला आपल्या मताप्रमाणे रियाजच सांगितला आहे.