जगाचा ताप घरबसल्या मोजा

सकाळी उठल्याउठल्या ‘जगात काय चाललंय?’ असं विचारायची सवय आधी सोडा. ‘जग आज कितीवर?’ असं विचारा. आजोबा राहुकाळ बघून घराबाहेर पडायचे. तुम्ही निर्देशांक बघून पांघरुणातून बाहेर या.

श्रीगणेशा शिकागोच्या प्रलय-घड्याळापासून करावा. अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने १९४७ साली ते छापलं, तेव्हा मध्यरात्रीला, म्हणजे जगाच्या अंताला, सात मिनिटं कमी होती. सातच का? मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकार बाईंना काटा तिथे दिसायला बरा वाटला! २०२५ मध्ये तो नव्वद सेकंदांवरून ८९ वर आणला. हा एक सेकंद तुम्हाला जाणवला नसेल, तर दोष तुमच्या संवेदनशीलतेचा. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबावरून अमेरिका-रशिया तेरा दिवस अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होते, तेव्हा काटा सातवरून ढिम्म हलला नाही. एवढ्या घाईत कोण काटे फिरवणार? संकटानेच जरा दम धरायला हवा होता.

तुम्हाला ताजा आकडा लागत असेल, तर भूराजकीय जोखमीचा निर्देशांक बघा, तो रोजचा निघतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या दोघा अर्थतज्ज्ञांची ही युक्ती. दहा वर्तमानपत्रं घ्यायची, त्यांत युद्ध, धमकी, दहशतवाद असल्या बातम्या किती ते संगणकाने मोजायचं, की झाला जगाचा ताप. दहांपैकी सहा अमेरिकेची, तीन ब्रिटनची, एक कॅनडाचं. उरलेलं जग बातमीत यायला मोकळं आहे, मोजायला बसायचं नाही. आपल्याकडे आठ कॉलमी मथळा आला तरी पारा जागचा हलत नाही. म्हणून सांगतो, तुमच्या मुलखात काही भयंकर घडायचं असेल, तर लंडनचा एखादा बातमीदार जवळपास मुक्कामाला आहे ना, एवढं आधी बघून घ्या. नाहीतर मेलात तरी हिशेबात नाही. धमक्यांचीही मोजणी होते बरं का, तेव्हा नुसता दम भरूनही आकडा चढवता येतो.

आणि एवढी दगदग नको असेल, तर आपला इंडिया व्हिक्स आहेच. निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या ऑप्शनच्या, म्हणजे ठरल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करायच्या हक्काच्या, भावांवरून शेअर बाजार पुढचे तीस दिवस किती हेलकावे खाईल याचा अंदाज तो देतो. बाजारात त्याला भीतीचा निर्देशांकच म्हणतात. तो खाली असला की निश्चिंत झोपा. एकतिसाव्या दिवसाची भीती ज्याची त्याने बघावी.