८० टक्क्यांच्या हिशेबाबद्दल: प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

टॅबची बॅटरी टिकवायला चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, या माझ्या सल्ल्यावरचे तुमचे आक्षेप मुद्देसूद आहेत, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. "चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं म्हणजे २० टक्के बॅटरी आजच सोडून द्यायची. मग तीन वर्षांनी ती आपोआप २० टक्के घटली तर वेगळं काय झालं?" दुसरं, बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून भरावी असं दुकानदार सांगतो आणि मी उलट सांगतो. तिसरं, मागची ॲप्स बंद करू नका हे तुम्हाला पटत नाही. शिवाय टॅब सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए८ आहे, चंद्रपूरला आहे आणि मुलीच्या अभ्यासासाठी दिवसभर चार्जरला लावलेला असतो, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच.

आधी पहिला आक्षेप. जो माणूस सकाळी १०० टक्क्यांवर टॅब घेऊन बाहेर पडतो आणि रात्री १० टक्क्यांवर घरी येतो, त्याच्यासाठी तुमचा हिशेब बरोबर आहे. त्याने खुशाल पूर्ण भरावी. पण तुमचा टॅब दिवसभर चार्जरलाच असेल, तर वरचे २० टक्के तुम्ही वापरतच नाही. ते नुसते भरून ठेवलेले असतात आणि तेवढ्या वेळात बॅटरीतला सेल झिजत राहतो. मर्यादा हे एक बटण आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री काढा, परत आल्यावर लावा. झिजून गेलेली क्षमता मात्र परत येत नाही.

झिजतं काय? लिथियम-आयन सेल जितका जास्त व्होल्टेजवर आणि जितका गरम, तितक्या वेगाने आतल्या इलेक्ट्रोलाइटचं (सेलमधल्या रासायनिक द्रवाचं) विघटन होतं. ४.२ व्होल्टला पूर्ण भरणारा सेल ८० टक्क्यांना साधारण ४.० व्होल्टवर असतो. फरक दिसायला छोटा, परिणाम मोठा. बॅटरी युनिव्हर्सिटी या वेबसाइटचा एक तक्ता यासाठी नेहमी वापरला जातो. सेल वर्षभर नुसता ठेवला, तर २५ अंशांना ४० टक्के भरलेल्यात ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरलेल्यात ८०. तापमान ४० अंश असेल तर अनुक्रमे ८५ आणि ६५. सगळ्या सेलना हेच आकडे लागू पडतील असं नाही, पण कल मात्र सगळीकडे हाच. यात एक चार्जसुद्धा झालेला नाही, हे लक्षात घ्या. "किती वेळा चार्ज केला" यापेक्षा "किती तास भरलेला आणि तापलेला राहिला" हे मोजायला हवं. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीतच ३८-४० अंश असतात, त्यात कव्हर, चार्जर आणि चालू व्हिडिओ कॉल. तुमच्या टॅबसाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही.

आणि नुकसान फक्त क्षमतेचं नसतं. म्हाताऱ्या सेलचा अंतर्गत रोध (आतून वीज वाहायला होणारा अडथळा) वाढतो आणि जास्त वीज लागली की व्होल्टेज कोसळतं, म्हणून कॅमेरा उघडला की १८ टक्क्यांवरून टॅब एकदम बंद पडतो. विघटनातून वायू तयार होऊन सेल फुगतो तो वेगळाच. टेबलावर सपाट ठेवलेला टॅब डुगडुगायला लागणं, स्क्रीनची कड एका बाजूने उचलली जाणं, पांढऱ्या पार्श्वभूमीवर एखादा उजळ डाग दिसणं, ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर त्याच क्षणी चार्जिंग बंद, टॅब बंद. स्क्रीन दाबून परत बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, आत पातळ पडदा फाटला तर सेल पेट घेऊ शकतो. सर्व्हिस सेंटरला न्या, कचऱ्यात टाकू नका.

आता तुमच्यापुरतं काय करायचं ते. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर "प्रोटेक्ट बॅटरी" किंवा "बॅटरी प्रोटेक्शन" असेल. सॅमसंगच्या जुन्या आवृत्त्यांत ते ८५ टक्क्यांना थांबतं. वन यूआय (सॅमसंगची अँड्रॉइड आवृत्ती) ६.१ मध्ये तीन पर्याय येतात, त्यातला "मॅक्सिमम" ८० ला थांबवतो. "बेसिक" निवडून फारसा उपयोग नाही, तो १०० पर्यंत भरतो आणि ९५ ला उतरल्यावर पुन्हा सुरू करतो. आयपॅडमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा २०२४च्या एम४ प्रो आणि एम२ एअरपासून आली, जुन्यांत ती नाही.

ज्यांच्याकडे हा पर्यायच नाही (दुकानात बिलिंगसाठी किंवा भिंतीवर लावलेले टॅब बहुतेक असेच), त्यांनी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा २४ तासांचा टायमर प्लग घ्यावा. हिशेब सोपा आहे. ए८ची बॅटरी ७०४० एमएएच, म्हणजे साधारण २७ वॉट-तास. स्क्रीन चालू असताना टॅब ढोबळमानाने ३ वॉट खातो. १० वॉटच्या चार्जरमधून तोटा वजा जाता साडेआठ वॉट पोचतात, म्हणजे एका तासात जेवढं भरतं तेवढं टॅब पावणेतीन-तीन तासांत खातो. म्हणून एक तास चालू, दीड तास बंद अशी सुरुवात करा आणि रात्री प्लग पूर्ण बंद. दोन-तीन दिवस संध्याकाळचा आकडा बघा. तो ४० ते ७० च्या आत राहिला तर ठीक, वर चढत गेला तर बंदचा वेळ वाढवा. चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढा. उशीवर, गादीवर टॅब ठेवू नका.

पूर्ण उतरवण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. त्या बॅटऱ्यांना खरोखर त्याची गरज पडत असे. लिथियममध्ये पूर्ण उतरवून भरल्याने एकच गोष्ट होते: टक्केवारी मोजणारं सर्किट पुन्हा जुळतं. आकडा ३० वरून अचानक १२ वर उडी मारत असेल तर एकदा करा. दर महिन्याला करण्यात झीजच आहे. उतरलेला टॅब तसाच कपाटात ठेवणं तर सगळ्यात घातक. सेल स्वतःहून आणखी उतरत जातो, संरक्षक सर्किट त्याला कुलूप लावतं आणि मग तो चार्जच घेत नाही. सुटीत ठेवायचाच असेल तर ५० टक्क्यांवर, पूर्ण बंद करून, थंड जागी.

ॲप्सबद्दल. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्क्रीन बंद असताना मागची ॲप्स झोपवायची सोय सिस्टिममध्येच आहे. अलीकडच्या यादीत दिसणारं ॲप बहुतेक वेळा गोठलेलं असतं. ते झटकून टाकलं की पुढच्या वेळी शून्यापासून उघडावं लागतं, त्यात प्रोसेसर जास्त राबतो. एखादं ॲप खरंच बॅटरी खात असेल तर ते बॅटरीच्या वापराच्या यादीत वर दिसेल. त्यालाच "डीप स्लीपिंग ॲप्स"मध्ये टाका, बाकीच्यांना हात लावू नका.

रोजच्या तासांचं म्हणाल तर ए८चा स्क्रीन एलसीडी आहे. डार्क थीमने त्यात काही वाचत नाही, मागचा दिवा तेवढाच जळतो (ओलेडमध्ये वाचतं). वाचवायचंच असेल तर ब्राइटनेस कमी करा. खिडकीकडे पाठ करून बसलं की स्क्रीनवर उजेड पडतो आणि ब्राइटनेस वाढवावा लागतो. खिडकी बाजूला ठेवून बसा, अर्ध्यावरही नीट दिसतं. सिमवाला टॅब असेल आणि घरात रेंज कमी असेल तर फ्लाइट मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवा, कारण कमकुवत सिग्नल शोधण्यात मोडेम (नेटवर्क पकडणारा भाग) भरपूर बॅटरी खातो.

तरीही शंका असेल तर दोन रात्री हे करून बघा. पहिल्या रात्री टॅब चार्जरशिवाय, नेहमीसारखा ठेवा. दुसऱ्या रात्री तेवढेच तास, पण फ्लाइट मोडमध्ये. आठ तासांत दोन-तीन टक्के उतरणं साहजिक आहे. पहिल्या रात्री दहा आणि दुसऱ्या रात्री दोन उतरले तर दोष नेटवर्क किंवा सिंक करणाऱ्या ॲपचा. दोन्ही रात्री दहा उतरले तर एखादं ॲप टॅबला झोपू देत नाही, नाहीतर सेल थकलाय. दोन्ही आकडे आणि टॅब किती वर्षांचा आहे ते इथेच कळवा, म्हणजे बॅटरी बदलायची की नाही ते ठरवता येईल.