माल्टाच्या तिकिटाचे 35 लाख? भौ, 1850 रुपये धाडायच्या आधी हे वाचा

आपल्या इकडच्या प्रत्येक ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरून राहिला. थोडक्यात असा: "माल्टा देशाच्या व्हॅलेटा शहराचं 1566 सालचं पोस्टाचं तिकीट घरी असेल तर 35 लाख मिळतील. ते बेट समुद्रात बुडालं, तिकीट आता कधीच छापल्या जाणार नाही. सरकारमान्य खरेदी. रजिस्ट्रेशन फक्त 1850 रुपये." खाली एक नंबर. अन् खरंच लोकं पेट्या उपसून राहिले, कारण कापसाचे चुकारे अडकले की माणसाले असलं काही खरं वाटतेच, त्यात हसण्यासारखं काही नाही.

पहिले 1566 चं बघू. जगातलं पहिलं चिकटवायचं पोस्टाचं तिकीट निघालं 1840 मध्ये, इंग्लंडमध्ये, त्याले पेनी ब्लॅक म्हणतात. आपल्याकडे सिंधमध्ये 1852 ले निघालं, खुद्द माल्टाचं पहिलं 1860 चं. 1566 मध्ये तर शिवाजी महाराजांचा जन्म व्हायलेच अजून 64 वर्षं होती, तेव्हा तिकीट कोण छापत होतं बे? 1566 हे शहराचं साल आहे, तिकिटाचं नाही. तुर्कांचा मोठा वेढा 1565 मध्ये मोडून काढल्यावर तिथल्या सरदारांचा मुखिया ला व्हॅलेट, त्यानं 28 मार्च 1566 ले नव्या तटबंदीच्या शहराचा पाया घातला, पोपनं धाडलेल्या लापारेल्ली नावाच्या इंजिनिअरनं नकाशा काढला, अन् ला व्हॅलेटच्या नावावरून शहराचं नाव व्हॅलेटा पडलं. त्याले 400 वर्षं झाली तेव्हा, म्हणजे 1966 ले, माल्टानं तिकिटं काढली. म्हणजे ते तिकीट साठेक वर्षांचं, गावातल्या कितीतरी आज्या त्याच्यापेक्षा जुन्या आहेत.

बेट बुडालं हे तर कोणाच्या डोक्यातून निघालं देवच जाणे, द्वारकेची गोष्ट ऐकून जोडून दिलं असेल. व्हॅलेटा आजही माल्टाची राजधानी आहे, 1980 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, 2018 मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, अन् तिथं युरो चालते.

आता मुद्दा येते "जुनं अन् छोट्या देशाचं, म्हणून दुर्मिळ." इथंच सगळे फसतात. अशी स्मारक तिकिटं लोकांनी जपून ठेवावी म्हणूनच छापतात, अन् लोकं ठेवतातही जपून. छोट्या देशांले तर बाहेरच्या शौकिनांले तिकिटं विकून चांगली कमाई होते. मंग ज्याच्या त्याच्या अल्बममध्ये तेच असल्यावर भाव कुठून चढन? सगळ्यांचा कापूस एकाच हप्त्यात बाजारात आल्यावर व्यापारी काय करते ते तुमाले मी सांगायची गरज नाही. ते पेनी ब्लॅकच घ्या ना, पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनं, पण कोटींनी छापलं होतं म्हणून वापरलेलं साधं तिकीट आजही काही हजारांत भेटते. अन् आपल्या घरी परदेशी तिकिटं आली कुठून? शाळेत असताना स्टेशनरीच्या दुकानात जे पाकीट मिळायचं त्यातून. त्यातही आपण पोट्ट्यांनी ते डिंक लावून वहीत चिकटवलेलं, म्हणजे शौकीन माणूस ते हातातही घेणार नाही.

"पण गांधीजींचं तिकीट कोटींत गेलं होतं" असं कोणीतरी म्हणणारच. गेलं, खरं आहे. 1948 च्या 10 रुपयांच्या गांधी तिकिटाची चारची पट्टी 2017 मध्ये 5 लाख पौंडांले विकल्या गेली. पण ते तिकीट वेगळं, त्याच्यावर 'सर्व्हिस' असा शिक्का छापलेला, गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी फक्त 100 काढली होती, त्यातली बोटावर मोजण्याइतकी बाहेर आहेत. शिक्का नसलेलं तेच 10 रुपयांचं तिकीट हजारांत जाते, कोटींत नाही.

राहिलं "सरकारमान्य." पोस्ट खातं नवीन तिकिटं विकते, जुनी लाखांनी विकत घेत नाही. रिझर्व्ह बँकेनं तर 2021 मध्येच जाहीर सांगितलं होतं का जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून आमच्या नावानं फी मागणारे आमचे नाहीत. तिकिटाचा मेसेज त्याच साच्यातला, नाण्याच्या जागी तिकीट ठेवलं बस.

पेटी उपसलीच असेल तर एक करा, आजोबांच्या जुन्या पाकिटावरचं, कार्डावरचं तिकीट कापू नका. गावच्या पोस्टाचा शिक्का उमटलेलं आख्खं पाकीट सुट्या तिकिटापेक्षा जास्त विचारतात, लाख नाही पण काहीतरी.

अन् त्या नंबरवाल्याले एवढंच म्हणा, तुझे 1850 त्या 35 लाखांतूनच कापून घे अन् बाकीचे धाड. कोणी ऑलरेडी पाठवून बसला असेल तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा अन् बँकेत सांगा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.