जातीवरून कुत्र्याचा स्वभाव कळत नाही, उन्हाळा मात्र कळतो

मार्च लागला की नाशिकच्या श्वानप्रेमींच्या ग्रुपवर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास दिसतात. एक: "हस्कीचं पिल्लू देणे आहे. नाशिकची हवा थंड, काही त्रास होत नाही." दुसरी: "आमच्या सोसायटीत एकाने रॉटवायलर आणलाय, तक्रार कुठे करायची?" पहिलीवर शंभर हार्ट पडतात, दुसरीवर शंभर सल्ले. आणि दोन्हीकडे चूक एकच असते. जातीचं नाव ऐकून आपण स्वभाव ठरवून टाकतो आणि शरीराकडे बघतच नाही. खरं तर जात कुत्र्याच्या शरीराबद्दल खूप काही सांगते. नाक केवढं, अंगावर केस किती थरांचे, वजन किती होणार, हे सगळं त्यात आलं. स्वभावाबद्दल ती फार थोडं सांगते. नाशिकच्या उन्हाचा संबंध शरीराशी आहे.

"नाशिक थंड" ही समजूत डिसेंबर-जानेवारीपुरती. निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या वाचून आपण एप्रिल विसरतो. एप्रिलच्या उत्तरार्धात इथे चाळीशी ओलांडली जाते आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी जेमतेम पंजाच्या तळव्यांत. बाकी सगळी उष्णता जीभ, तोंड आणि नाकातल्या ओल्या आवरणावरून हवा खेळवून बाहेर टाकायची. धापणं म्हणजे कुत्र्याचा कूलरच. कूलरचा नियम आपल्याला माहीत आहे: हवा कोरडी असेल तर चालतो, दमट झाली की नुसता पंखा उरतो. म्हणून मे महिन्यात ४० अंशांवर सावलीत निभावून नेणारा कुत्रा जूनच्या पहिल्या आठवड्यात, वळीव पडून गेल्यावर, ३४ अंशांतही कोसळू शकतो. मालक गाफील असतो, कारण "आता तर गार झालंय". ऑक्टोबर हीटचंही तसंच.

आता शरीराकडे या. ब्रिटनमध्ये २०२० साली नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या. लॅब्रॅडॉरच्या तुलनेत उष्माघाताची शक्यता चाऊ चाऊमध्ये सुमारे १७ पट, बुलडॉगमध्ये १४ पट आणि फ्रेंच बुलडॉगमध्ये ६ पट निघाली. आणि हे ब्रिटनच्या हवेत! चपट्या तोंडाच्या कुत्र्यात हवा थंड करायला नाकाची लांबीच उरलेली नसते, नाकपुड्या अरुंद असतात आणि घशात टाळूचा जास्तीचा भाग लोंबतो. तो जितका जोरात धापतो तितका घसा सुजतो, आणि घसा सुजला की श्वास आणखी अडतो. पगचं घोरणं "क्यूट" वाटतं ना? ते श्वास अडत असल्याचं लक्षण आहे. मोबाईल कंपनीच्या एका जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी पग आले. त्यांच्या नाकपुड्यांकडे कुणी बघितलं नाही.

हस्की, सेंट बर्नार्ड, कॉकेशियन शेफर्ड या दुहेरी केसांच्या जाती. नाशिकमध्ये त्यांचं प्रजनन आणि विक्री होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते चावतात म्हणून नव्हे, त्यांचे हाल होतात म्हणून. ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांना एक विनंती: उन्हाळ्यात मशीन लावून अंग गुळगुळीत करू नका. वरचे लांब केस ऊन अडवतात. आत साठलेली मऊ लव खरी घुसमट करते. ती अंडरकोट रेकने (आतली लव काढायच्या लांब दातांच्या कंगव्याने) आठवड्यातून दोन-तीनदा विंचरून काढा. पोटाखालचे आणि पंजांमधले केस कापले तर हरकत नाही, कारण पोट गार फरशीला टेकलं पाहिजे.

आणि ज्याला आपण "साधं गावठी" म्हणून नाक मुरडतो त्याचं शरीर बघा. लांब नाक, आखूड केस, सडपातळ अंग, उभे कान. आपल्या करवानी या शिकारी कुत्र्याचंही तसंच, कान तेवढे लोंबते. दख्खनच्या उन्हातच ही अंगं घडली आहेत. पण इथेही आंधळा विश्वास नको. एसीत वाढलेलं, जाड झालेलं गावठी कुत्रंही दुपारी पळवलं तर पडतं. उन्हाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मार्चमधली पहिली गरम लाट सगळ्यांनाच जड जाते. बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता बरगडी लागली पाहिजे. शोधावी लागत असेल तर आधी वजन उतरवा.

फिरवण्याची वेळ घड्याळावर नको, रस्त्यावर ठरवा. हाताची मागची बाजू डांबरावर ७ सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तिथे नकोत. कॉलेज रोडचं डांबर किंवा सोसायटीतले पेव्हर ब्लॉक सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम असतात. "सहा वाजले, ऊन उतरलं" म्हणून निघालेला माणूस बुटांत असतो. मे महिन्यात सकाळी साडेपाच ते सात, आणि रात्री जेवणं झाल्यावर. जमेल तिथे डांबर सोडून मातीवरून चला. बॉल फेकण्याचा खेळ उन्हाळ्यात बंद करा, कारण बॉलवेडा कुत्रा दमला म्हणून थांबत नाही, कोसळल्यावरच थांबतो. स्कूटरला पट्टा बांधून कुत्रा पळवणं तर कुठल्याच ऋतूत नको. उष्माघात म्हटलं की बंद गाडी आठवते, पण त्याच ब्रिटनच्या नोंदींत सर्वांत मोठं कारण व्यायाम निघालं. अर्थात गाडीही नकोच. बंद गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंश चढतात, आणि काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

घरात सर्वांत घातक जागा म्हणजे गच्ची. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता सोडतो. पत्र्याची शेड सावली देते, पण खाली भट्टी होते. शेडशिवाय इलाजच नसेल तर पत्र्यावर चुना मारा, वर ओलं गोणपाट टाका, दोन बाजू वाऱ्याला उघड्या ठेवा. तरी दुपारी बारा ते पाच कुत्रा घरातच हवा. कूलर लावलात तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर अर्ध्या तासात खोली दमट होते आणि कुत्र्याचं धापणं निकामी होतं. पाणी किलोमागे रोज ५० ते ६० मिली धरा, म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याला सव्वा ते दीड लिटर. उन्हाळ्यात त्याहून जास्त लागतं. मातीची दोन भांडी, दोन वेगळ्या जागी. स्टीलचं भांडं उन्हात राहिलं की पाणी चटका देतं.

खाण्याबाबत आपल्या जिल्ह्याला वेगळंच सांगावं लागतं. फेब्रुवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षांच्या पेट्या असतात, आणि "गार असतात" म्हणून कुत्र्याला दोन-चार द्राक्षं टाकली जातात. टाकू नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. एखाद्याला मूठभर खाऊनही काही होत नाही, एखादा थोडक्यात जातो, आणि कोण कसा ते आधी सांगता येत नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर संशोधकांचा संशय आहे. म्हणूनच चिंचही नको. खाल्लंच असेल तर उलटी होईपर्यंत वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टरांकडे नेलं तर ते पोट रिकामं करू शकतात. दुसरं पीक कांदा. ऊन लागलं की माणसाला कांद्याचा रस देण्याची आपली पद्धत, पण कुत्र्यात कांद्याने तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. कच्चा, शिजवलेला, भाजीच्या रश्शातला, सगळाच वर्ज्य. गारव्यासाठी बिया काढलेलं कलिंगड, काकडी किंवा बिनमिठाचं पातळ ताक द्या, तेही पचत असेल तरच.

आता प्रत्यक्ष उष्माघात. सुरुवात ओळखता आली पाहिजे. धापणं थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या विटेसारख्या लाल दिसतात, हाक मारली तरी आपल्याकडे बघत नाही, चाल झोकांडते. मग उलटी, रक्ताचे जुलाब, फिट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०५ च्या पुढे धोका सुरू होतो.

तेव्हा पहिलं काम फोन नव्हे, पाणी. आधी गार करा, मग न्या. सावलीत घ्या, गळपट्टा काढा, मान-छाती-पोट-मांड्यांवर सतत पाणी ओता आणि पंखा लावा. वाफ होऊन उष्णता जाते, म्हणून पाणी आणि वारा दोन्ही हवेत. इथे हमखास होणारी चूक सांगते: मे महिन्याच्या दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीचं कढत पाणी येतं. उन्हाळाभर बाथरूममध्ये दोन बादल्या भरलेल्या ठेवा, तेच पाणी वापरा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो काही मिनिटांत गरम होऊन वाफ कोंडतो. भान हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी, ग्लुकोज, काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. हा जंतूंचा ताप नसल्याने त्यांनी उतरत नाही, उलट औषधाची विषबाधा वर होते. तापमान १०३ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर खाली घसरत जातं. मग गाडीत एसी लावून, किंवा रिक्षात वाऱ्याच्या तोंडाला, ओल्या अंगानेच दवाखान्यात. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी न्यायचंच. किडनी आणि रक्त गोठण्याचा बिघाड दोन-तीन दिवसांनीही वर येतो. उलट, तीन दिवस मलूल, ताप १०४ आणि अंगावर गोचीड असतील तर "ऊन लागलं" म्हणून थांबू नका. तो गोचीड ताप असू शकतो. रक्त तपासून प्लेटलेट्स बघायला सांगा.

आता त्या दुसऱ्या पोस्टकडे, "भयंकर" जातींकडे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींची आयात, प्रजनन आणि विक्री थांबवायला राज्यांना पत्र पाठवलं. त्या यादीत टोसा ही एकच जपानी जात दोनदा होती आणि "टेरियर", "मास्टिफ" अशी अख्खी कुळं होती. संबंधितांशी सल्लामसलत न करता काढलेलं ते पत्र एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. पण त्या चार आठवड्यांत लोकांच्या मनात बसलेली यादी कुणी रद्द केली नाही. २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले गेले. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीने उलगडणारा भाग सरासरी ९ टक्के निघाला. मोठ्या जबड्याचा चावा जास्त इजा करतो हे नाकारायचं कारण नाही, म्हणून मोठ्या कुत्र्याच्या मालकावर जबाबदारीही मोठी. पण चावेल की नाही हे इतर गोष्टींवर ठरतं: पिल्लू आठव्या आठवड्याआधी आईपासून तोडलं का, तीन ते चौदा आठवड्यांत त्याने माणसं-मुलं-वाहनं पाहिली का, त्याला कुठे दुखतंय का, आणि ते दिवसभर कुठे बांधलेलं असतं.

ही शेवटची गोष्ट आपण सगळे चालवून घेतो. "राखणीचा" म्हणून आणलेला कुत्रा दोन फुटी साखळीला, पत्र्याखाली, पाणी कलंडलेलं. पळता येत नाही, लपता येत नाही, अंग तापलेलं. अशा कुत्र्याजवळ मूल गेलं तर गुरगुरणं हा त्याचा एकमेव मार्ग उरतो, आणि गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. २०२३ साली अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या सुमारे ६९ हजार चाव्यांच्या नोंदींत जास्त उष्ण दिवशी चावेही थोडे जास्त दिसले. कारण कुत्र्याची चिडचिड की माणसांचा वावर, ते त्यातून ठरत नाही. पण तापलेल्या जनावराला डिवचू नये हे कळायला त्या अभ्यासाची गरज नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कुत्र्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाला धोका पोचवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दोन्ही कलमं मालकाला लागतात. जातीचा उल्लेख एकातही नाही.

पूर्वग्रह आणि ऊन कुठे एकत्र येतात तेही बघा. "तो कुत्रा लहान मुलांच्या वेळेत खाली नको" म्हणून काही सोसायट्या त्याला सकाळी दहानंतर किंवा दुपारी आणायला सांगतात. म्हणजे नेमकं पेव्हर ब्लॉक तापल्यावर. "मुस्कं घाला" म्हणतात, मालक शंभर-दोनशे रुपयांचं नायलॉनचं घट्ट मुस्कं आणतो, आणि तोंड बंद म्हणजे धापणं बंद. मेच्या उकाड्यात पंधरा मिनिटं असं फिरवणं जिवावर बेतू शकतं. मुस्कं लागणार असेल तर जाळीचं टोपलीसारखं घ्या. आत तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे आणि नाकापुढे बोटभर जागा हवी. आठवडाभर घरात, आत खाऊ ठेवून सवय लावा आणि मगच बाहेर काढा.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर, त्यांच्या जातीवर किंवा आकारावर बंदी घालता येत नाही. पण सोसायटीने काहीच मागू नये असं नाही. पुढच्या बैठकीत नियम लिहायचेच असतील तर हे लिहा: प्रत्येक कुत्र्याचं रेबीज लसीचं चालू वर्षाचं कार्ड ऑफिसात जमा. महापालिकेकडे नोंद. सामायिक जागेत दीड मीटरचा पट्टा, तोही मोठ्या माणसाच्या हातात. शी मालकानेच उचलायची. लिफ्टमध्ये आधी कोण आहे त्याला विचारून चढायचं. चावा घडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना, खर्च मालकाचा. मार्च ते जून फिरवण्यासाठी सकाळी सातच्या आतली आणि रात्री आठनंतरची वेळ मोकळी. आणि गच्चीवर दुपारी बारा ते पाच कुठलाही कुत्रा बांधायचा नाही, मग तो रॉटवायलर असो, लॅब असो की वॉचमनने पाळलेला मोती.