नंबर शोधा, वर्ष-मॉडेल मिळवा? श्विनच्या बाबतीत तसं नाही

"श्विन क्रूझरचा सीरियल नंबर तक्त्यात शोधा, वर्ष आणि मॉडेल कळेल. टाकीवाली काळी सायकल म्हणजे ब्लॅक फँटम. रिम 26 इंची असेल तर 26चा कुठलाही टायर बसतो." श्विन ही अमेरिकन सायकल कंपनी, क्रूझर म्हणजे तिची रुंद टायरची सायकल, ब्लॅक फँटम हे तिचं एक मॉडेल, आणि टाकी म्हणजे फ्रेमच्या नळ्यांमध्ये बसवलेला मोटरसायकलच्या टाकीसारखा डबा. जुन्या अमेरिकन सायकलींच्या संग्राहकांमध्ये फिरणारा हा सल्ला तिन्ही ठिकाणी फसवतो.

नंबरात मॉडेल नसतंच. 1948च्या आगीत कंपनीच्या आधीच्या नोंदी जळाल्या, त्यामुळे तक्ते त्यानंतरचेच. 1965पासूनच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं वर्षाचं: डीबी म्हणजे एप्रिल 1966. पण ती तारीख नंबर ठोकल्याची. सायकल काही महिन्यांनीही जोडली जाई, म्हणून वर्षअखेरचा नंबर पुढच्या वर्षाच्या मॉडेलवर सापडतो. नंबराची जागाही पाहा: 1952पर्यंत क्रँकखाली, मग मागच्या चाकाच्या डाव्या खाचेजवळ, 1970पासून हेड ट्यूबवर (हँडलखालच्या उभ्या नळीवर). रंगाखाली दबला असेल तर ग्राइंडर लावू नका, उथळ आकडे कायमचे जातात. पेंट रिमूव्हर लावून पुसा आणि खडू घासा.

काळा रंग हा तर सर्वांत कच्चा पुरावा. फँटम (1949 ते 1959) लाल आणि हिरवीही निघाली, टाकी श्विनच्याच पँथर मॉडेललाही होती, आणि 1995मध्ये कंपनीच्या शताब्दीची प्रतिकृती आली. आधी पुढच्या चाकाचा स्प्रिंगवाला चिमटा, मग क्रोमचे मडगार्ड आणि चेनकव्हरवरची अक्षरं तपासा. 1946पासून श्विनच्या स्टँडची नळी फ्रेमलाच वेल्ड केलेली असे. तिथे बोल्टने आवळलेला स्टँड दिसला तर शंका घ्या. पुढच्या बिल्ल्यावर मात्र विसंबू नका. एक्सेल्सियर, हेंडरसन अशा नावांनीही श्विनच विकली गेली, शिवाय बिल्ला दोन स्क्रूंवर बदलता येतो.

टायरचा सल्ला थेट खिशाला लागतो. 26 x 1.75 आणि 26 x 1¾ गणितात एकच, रिमवर नाहीत. दशांशातल्या टायरचा आतला व्यास 559 मिमी, अपूर्णांकातल्या श्विन टायरचा 571. फँटमच्या एस-2 रिमला (एस-2, एस-7 ही श्विनच्या रिमच्या प्रकारांची नावं) 559चा, 2.125 इंच रुंदीचा टायर लागतो. 1950च्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या मिडलवेट (मध्यम वजनाच्या) सायकलींच्या एस-7 रिमला 571च हवा. तिथे 559चा टायर लिव्हरने रेटला की कडेची तार तुटते. विकत घेताना टायरवर 47-571 (रुंदी आणि व्यास, मिमीमध्ये) छापलेलं पाहा. ट्रायथलॉन शर्यतीच्या सायकलींचे 571 टायरही मिळतात, व्यास तोच, पण 23 मिमीचे, या रुंद रिमसाठी फारच बारीक.