‘चांगल्या कंपनीची रिफिल टाका, पेन चालणारच’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

लाकूड, एबोनाइट (कडक केलेलं रबर) किंवा रेझिनची पेनं लेथवर घडवणाऱ्यांमध्ये आणि ती हौसेनं विकत घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: आधी पेन घडवा, रिफिलचं नंतर बघू. रोलरबॉल म्हणजे पातळ शाईचं बॉलपेन. लांबी जुळली की कोणतीही रिफिल बसते. जर्मन किंवा जपानी घेतली की सुकत नाही, त्यातही सिरॅमिक बॉलची असेल तर मुळीच नाही. पाकिटावर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक असला की लिहिलेलं पुसलं जात नाही. आणि सुकलीच, तर टोक तापवा किंवा सिरिंजनं शाई भरा.

हे वाचून कितीतरी जण सुरेख पेनं घेतात, महिनाभरात ती अडखळायला लागतात आणि मग ‘हातानं केलेली पेनं दिसायलाच चांगली’ असा शेरा मारून कपाटात ठेवून देतात. चांगल्या कारागिरीला लागलेला हा बट्टा टाळता येतो, म्हणून हा सल्ला एकेक मुद्दा घेऊन तपासू.

‘रोलरबॉल म्हणजे पातळ शाईचं बॉलपेन’

बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. टोपण न लावता पेन टेबलावर पडून राहिलं तरी तिचं फारसं बिघडत नाही. रोलरबॉलची शाई पाण्यात केलेली असते आणि जवळजवळ पाण्याइतकीच पातळ असते. टोकातला बॉल आणि त्याची वाटी यांच्यातल्या बारीक फटीतून ती केशाकर्षणानं पुढे येते, म्हणून हाताला जोर द्यावा लागत नाही. पण त्याच फटीतून पाणी उडूनही जातं. मागे उरलेला रंग फटीत घट्ट होतो आणि बॉल फिरेनासा होतो. शाईत ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखे ओल धरणारे पदार्थ घातलेले असतात. त्यांनी वेळ लांबते, सुकणं थांबत नाही.

इतकी पातळ शाई नळीत नुसती भरून ठेवली तर टोकातून ठिबकेल. म्हणून काही रिफिलींमध्ये ती तंतूंच्या गाभ्यात मुरवलेली असते, तर काही पेनांमध्ये मोकळी शाई आणि पुढे जास्तीची शाई धरून ठेवणाऱ्या पातळ चकत्यांची फीड असते. पायलट या जपानी कंपनीच्या व्ही५ पेनात या चकत्या बाहेरूनही दिसतात. हाताने घडवलेल्या पेनात सहसा पहिल्या प्रकारची रिफिल जाते.

जेल हा तिसरा प्रकार. जपानच्या साकुरा कंपनीनं १९८४ मध्ये ही शाई बाजारात आणली. शाई पाण्याचीच, पण स्थिर असताना घट्ट आणि बॉल फिरला की पातळ होणारी. नळीत तिच्या मागे पारदर्शक ग्रीसचा थर असतो. तो मागून हवा येऊ देत नाही आणि शाई संपत जाईल तसा पुढे सरकतो. रोलरबॉलच्या पेनात जेल रिफिल घालणं हा पुष्कळांसाठी शहाणपणाचा निर्णय असतो, कारण ती सुकायला जास्त वेळ घेते. ज्यांचं पेन आठवड्यातून एकदा उघडतं त्यांना मी निःशंकपणे जेलच सुचवतो.

‘लांबी जुळली की बसते’

प्रचलित मापं मुख्यतः दोन. पार्कर धाटणीची आखूड रिफिल सुमारे ९८ मिलिमीटरची. आयएसओच्या मानकात तिला जी२ म्हणतात. दुसरी लांब रोलरबॉल रिफिल, सुमारे ११० मिलिमीटरची. श्मिट या जर्मन कंपनीच्या ८८८ आणि ५८८८ या त्याच मापाच्या, आणि टोपणाच्या पेनांचे बरेच किट (पेनाच्या सुट्या भागांचे संच) त्यांच्याच हिशेबानं केलेले असतात. गोंधळ इथे होतो की पायलटचं जी२ हे जेल पेनही बाजारात आहे. त्याची रिफिल लांब मापाजवळ जाते, आयएसओच्या जी२शी तिचा संबंध नाही. दुकानात नुसतं ‘जी२ द्या’ म्हणालात तर काय हातात पडेल ते दुकानदारावर अवलंबून.

शिवाय लांबी ही निम्मीच गोष्ट. टोकाचा उतार, त्यामागचा खांदा कुठे संपतो, नळीची जाडी, मागचं बूच, हे सगळं जुळावं लागतं. माँब्लांच्या रोलरबॉल रिफिलला मागे आटे असतात, ती साध्या पेनात तशीच बसणार नाही. खांदा अर्धा मिलिमीटर मागे राहिला की लिहिताना टोक आत-बाहेर होतं आणि प्रत्येक अक्षराला टकटक जाणवते. उलट टोक जास्त बाहेर आलं तर टोपण लावल्यावर ते आतल्या बाजूला टेकतं आणि शाई टोपणात ओढली जाते. मग ग्राहक म्हणतो, रिफिल गळकी निघाली. रिफिल निर्दोष होती, मापाचा विचार झाला नव्हता.

लांब रिफिल मागून कापून बसवण्याचा उपाय सर्रास सांगतात. मागे रिकामी नळी असेल तेवढीच कापता येते. जेलमध्ये कात्री ग्रीसपर्यंत गेली की ती रिफिल संपली असं समजा.

पेन घडवणाऱ्यांनी यासाठी क्रमच उलटा करावा. आधी रिफिल हातात घ्यावी, व्हर्नियरनं (बारीक मापं घेण्याच्या साधनानं) मोजावी, आणि मग पुढच्या तुकड्याला ड्रिल लावावं. एकाच कंपनीच्या खास मापापेक्षा तीन-चार कंपन्या बनवतात ते माप निवडलं, तर दहा वर्षांनीही त्या पेनाला रिफिल मिळण्याची शक्यता जास्त.

‘नामांकित कंपनीची घेतली की सुकत नाही’

या दाव्यानं सर्वांत जास्त नुकसान होतं. रोलरबॉल सुकणार की नाही हे रिफिलइतकंच टोपण ठरवतं. कारखान्यातल्या पेनाच्या टोपणात बहुधा आत आणखी एक प्लास्टिकची टोपी असते, तिच्यात टोकाभोवतीची हवा कोंडली जाते. हाताने घडवलेल्या पेनात हीच जागा कच्ची राहते. वरचं बोंड दाबून बसवलेलं असतं, त्याच्याखाली क्लिपची कडी असते आणि तिच्या कडेनं हवेला वाट मिळते. बाहेरून पाहिलं तर जोड एकदम चोख.

तपासणं सोपं आहे. टोपण सुटं करून त्याचं तोंड ओठांत घट्ट धरा आणि हवा ओढा. सहज ओढली जात असेल तर त्या टोपणाखाली टोपणाच्या पेनासाठी केलेली जगातली कोणतीही रोलरबॉल रिफिल टिकणार नाही. बोंडाखाली चिकटद्रव्याचा थर किंवा आत घट्ट बसणारी प्लास्टिकची टोपी घातली की बहुतेक वेळा काम होतं.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा वापरा. एकसारख्या दोन नव्या रिफिलींची वजनं लिहून ठेवा. एक पेनात घालून टोपण लावा, दुसरी सीलबंद पिशवीत ठेवा, आणि पंधरवड्यानं दोन्ही पुन्हा तोला. न लिहिताच पेनातलीचं वजन पिशवीतलीपेक्षा जास्त घटलं, तर दोष टोपणाचा. मेमधल्या विदर्भात ही परीक्षा घेतलीत तर निकाल फार लवकर समोर येतो, कोकणातल्या पावसात उशिरा. म्हणून रत्नागिरीत उत्तम चालणारं पेन नागपूरला पाठवल्यावर अडखळलं, तर नवल वाटायला नको.

ट्विस्ट किंवा खटक्याच्या पेनात टोपणच नसतं. तिथे टोपणाविना चालावी म्हणूनच बनवलेली रिफिल हवी. श्मिटची पी८१२६ ही तशी, पार्करच्या मापात बसणारी. नाहीतर सरळ जेल किंवा बॉलपेनची रिफिल. टोपणाच्या पेनासाठी केलेली रोलरबॉल रिफिल तिथे घालणं म्हणजे ती हातानं वाळवणं.

नाव कितीही मोठं असो, शेल्फवर वर्षानुवर्षं पडलेली रिफिल जुनीच असते. ज्याच्याकडे माल भराभर खपतो त्या स्टेशनरीवाल्याकडून घ्या. आणि नवी रिफिल लिहीत नसेल तर आधी टोक नीट बघा. पुष्कळ रिफिलींच्या टोकावर मेणाचा किंवा रबरासारखा बारीक थेंब असतो. तो काढायचा असतो.

‘सिरॅमिक बॉल सुकू देत नाही’

बॉल टंगस्टन कार्बाइडचा (एक अतिशय कठीण धातुसंयुग) की सिरॅमिकचा, यावर झीज, गंज आणि गुळगुळीतपणा ठरतो. बाष्पीभवन बॉल आणि वाटीमधल्या फटीतून होतं. फट दोन्हीकडे असतेच.

‘आयएसओ आहे, म्हणजे पुसलं जाणार नाही’

रोलरबॉलसाठी आयएसओ १४१४५ हे मानक आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला सर्वसाधारण वापरासाठी. दुसरा, म्हणजे १४१४५-२, कागदपत्रांसाठी. त्यात पाणी, प्रकाश, खोडणं आणि काही रसायनं यांना लिखाण टिकतं का ते पाहतात. जेलसाठी वेगळं मानक आहे, २७६६८, आणि त्याचेही असेच दोन भाग. तेव्हा नुसतं ‘आयएसओ’ वाचून थांबू नका, पुढचा आकडा बघा. रोलरबॉलच्या अनेक शाया डायच्या असतात, त्या पाण्यात विरघळतात. पिगमेंटच्या शाईचे कण कागदात धरून राहतात.

घरी तपासायचं तर ज्यावर लिहायचं असेल त्याच कागदावर चार ओळी लिहा, एक दिवस वाळू द्या, मग कागद पाण्याखाली धरा. जुलैत पावसात भिजलेल्या लिफाफ्यावरचा पत्ता ज्यांनी फिकट निळा ओघळ झालेला पाहिला आहे, त्यांना या परीक्षेचं मोल वेगळं सांगायला नको. सही, चेक, दस्त यांसाठी ही परीक्षा न केलेली रोलरबॉल वापरू नका.

‘सुकली तर तापवा, संपली तर सिरिंजनं भरा’

तापवण्याची युक्ती बॉलपेनची आहे. तेलकट शाई उष्णतेनं सैल होते. पाण्याची शाई तापवली की उरलंसुरलं पाणीही उडतं, आतली हवा फुगून शाई बाहेर ढकलली जाते आणि प्लास्टिक वाकलं तर टोक कायमचं सैल होतं. लायटर तर नकोच. टोक ओल्या फडक्यावर काही वेळ टेकवून ठेवा, मग खरखरीत कागदावर गोल गिरवा. तेवढ्यानं सुरू झाली तर ठीक, नाही झाली तर ती रिफिल बदला.

सिरिंजनं फाउंटन पेनची शाई भरली तर काही दिवस चालतेही, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पण रोलरबॉलची शाई बॉलला वंगण मिळेल आणि ठराविक वेगानं वाहील अशा बेतानं केलेली असते. दुसरी शाई एक तर भसाभस उतरते किंवा बॉल कोरडा घासू लागतो. हव्या त्या रंगानं लिहायचीच आवड असेल तर त्यासाठीच बनवलेली पेनं आहेत. फ्रान्सच्या जे. हर्बां कंपनीचं रोलरबॉल फाउंटन पेनची आखूड आंतरराष्ट्रीय मापाची कार्ट्रिज (शाईची तयार भरलेली नळी) घेतं.

आणि पेन विकणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. लाकडाचं नाव, पॉलिशचा प्रकार, सगळं तुम्ही चिठ्ठीवर लिहिता. त्याच चिठ्ठीवर रिफिलचं माप, कोणत्या दोन-तीन रिफिली घालून पाहिल्या आहेत आणि टोपणातून हवा जाते का ते तपासलं आहे की नाही, एवढंही लिहा.