सोनेरी गुगेनहाइम: रंग फासलेला नाही
स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाचा सोनेरी फोटो ‘एचडीआरने (अनेक फोटो एकात मिसळण्याच्या तंत्राने) रंग फासलाय’ अशा शेऱ्यासह फिरतोय. तसं नाही. वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांच्या या १९९७ सालच्या इमारतीवर टायटॅनियमचे पत्रे आहेत, जाडी अर्धा मिलिमीटरही नाही. उतरत्या उन्हात ते खरोखरच सोनेरी दिसतात, ढगाळ हवेत करडे. एचडीआरमध्ये एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे (म्हणजे कॅमेऱ्यात कमी-जास्त उजेड घेतलेले), बहुधा तीन किंवा पाच, फोटो एकत्र करतात. त्यामुळे तळपता पत्रा पांढराफटक पडत नाही आणि सावलीतला तपशीलही टिकतो. मात्र टोन मॅपिंग, म्हणजे उजेड-सावलीतला हा मोठा फरक एका फोटोत बसवणं, अती झालं की इमारतीच्या कडेला उजळ वलय उमटतं, आकाश भडकतं. (फिरणाऱ्या फोटोत ते वलय आहे, हे कबूल.) पण तो दोष फोटोवर काम करणाऱ्या हाताचा, तंत्राचा नव्हे.